फ्रेममधलं इंद्रजाल आणि मालवणचा तळ

पूजासाहित्याच्या दुकानात किंवा ऑनलाइन ‘इंद्रजाल’ नावाची एक वस्तू मिळते. काळी, जाळीदार, पंख्यासारखी पसरलेली, बहुधा काचेच्या फ्रेममध्ये बसवलेली. दुर्मीळ रानवनस्पतीचं मूळ आहे, दाराशी लावलं की नजर लागत नाही, वास्तुदोष जातो, असं विकणारा छातीठोकपणे सांगतो. पण त्याचा तुकडा भिंगाखाली धरा. ना साल दिसते, ना लाकडाचे तंतू. काही तुकड्यांवर तर खरखरीत, बारीक काटे दिसतात. जाळलं तर केस जळल्यासारखा वास येतो, कारण हा सांगाडा मुख्यतः प्रथिनांचा असतो. ही वनस्पती नव्हेच. हा समुद्रपंखा आहे किंवा काळं प्रवाळ, म्हणजे असंख्य इवल्या प्राण्यांची वसाहत, उपटून वाळवलेली.

समुद्रपंखे, काळी प्रवाळं आणि खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ज्या यादीत वाघ, त्याच यादीत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि दंड. महाराष्ट्रातही अशा मालासाठी दुकानांवर धाडी पडल्या आहेत, तरी विक्री थांबलेली नाही. घेणाऱ्याला आपण प्राणी विकत घेतोय याचा पत्ताच नसतो, आणि विकणाऱ्याला तो नसला तरच सोयीचं. (अंगठीतलं लाल पोवळं हा निराळा प्रकार. त्याचा जुना, प्रसिद्ध स्रोत म्हणजे भूमध्य समुद्र.)

एक पंखा उपटला तर काय बिघडलं? आधी त्याचं वय बघा. हवाईजवळच्या खोल समुद्रातल्या एका काळ्या प्रवाळाचं वय कार्बन-कालमापनाने ४,२०० वर्षांहून जास्त निघालं. उथळ पाण्यातले त्याचे भाऊबंद इतके जुने नसतात, पण वाढीची घाई त्यांनाही नसते. शिवाय पंख्यावर इतरांचे संसार असतात. तो प्रवाहाला आडवा पसरतो आणि वाहून येणारे सूक्ष्म जीव टिपतो. खेकडे, छोटे मासे त्याच्या आधाराने राहतात. १९६९ मध्ये न्यू कॅलेडोनियात जॉर्ज बार्जिबाँ हे मत्स्यालयासाठी समुद्रपंखे गोळा करत होते. आणलेला पंखा बारकाईने तपासताना त्यावर जेमतेम दोन सेंटिमीटरचे समुद्रघोडे सापडले. रंग आणि गाठी हुबेहूब पंख्यासारख्या, त्यामुळे तोवर ते कुणाच्या नजरेला पडलेच नव्हते. फ्रेममध्ये पंखा जातो तेव्हा असं काय काय सोबत जातं, हे मोजायला कुणी बसत नाही.

प्रवाळ ओरबाडण्याचा परिणाम भूगोलावर कसा होतो ते तामिळनाडूत दिसतं. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी, बांधकामासाठी कित्येक दशकं प्रवाळ खणून काढलं. लाटांचा जोर मोडणारा बांध गेला, आणि तिथल्या २१ बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली.

आता आपल्या दाराशी येऊ. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. जेमतेम २९ चौरस किलोमीटर. इथली प्रवाळं अंदमानसारखी भव्य नाहीत. खडकाला चिकटून वाढणारे गोळे, पातळ ताटल्यांसारखे थर. गोळ्यासारखी प्रवाळं वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. ताटली मात्र एका लाथेने मोडते. ‘पोहता येत नसलं तरी चालेल’ अशा स्कूबा डायव्हिंगच्या पाट्या वाचून आलेला पर्यटक तोल सावरायला जे हाताला लागेल ते धरतो, पाय टेकतो, अंगठा वर करून व्हिडिओ काढून घेतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये इथल्या डायव्हिंगमुळे होणाऱ्या प्रवाळांच्या मोडतोडीवर शोधनिबंधच प्रसिद्ध केला.

गाइडच्या नावाने खडे फोडणं सोपं आहे. पण हंगामात रांगेतल्या प्रत्येकाला कमी पैशांत, झटपट खाली जाऊन फोटोच हवा असतो; तो नाही मिळाला तर तक्रारही तोच करतो. माझ्या मते पाण्याखालची शिस्त आधी होडीतच ठरते. तरंगण्यावर ताबा येईपर्यंत प्रवाळापासून दूर, वाळूच्या पट्ट्यावर सराव. फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) वर ठेवून आडवं पोहणं. नाहीतर उडालेला गाळ प्रवाळांवर बसतो आणि तो झटकण्यासाठी चिकट स्राव करण्यात त्यांची शक्ती जाते. मासे जमवायला पाव-बिस्किटं नकोत. नांगर प्रवाळावर न टाकता कायमच्या बोयाला (तळाशी बांधलेल्या तरंगत्या पिंपाला) होडी बांधायची. आणि तुटून पडलेला तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही. ‘मेलेलंच होतं’ हे कायद्याला चालत नाही.

डायव्हरकडे आणखी एक गोष्ट असते जी वनरक्षकाकडे क्वचितच असते: खाली प्रत्यक्ष काय चाललंय ते तो बघत असतो. गेल्या खेपेला जिथे समुद्रपंखा होता तिथे आज नुसतं बूड उरलंय, हे त्यालाच कळतं. फोटो, तारीख, जागा आणि खोली नोंदवून ठेवावी. दुकानात किंवा ऑनलाइन इंद्रजाल दिसलं तर ‘फक्त बघायला’ म्हणूनसुद्धा मागवू नये. जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवावं.