आत्याचा बंब, मावशीचा बंब

माझ्या आत्याचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मावशीचं अथणीत. दोघींनी एकाच उन्हाळ्यात सोलर बंब बसवले, एकाच मापाचे, काचेच्या नळ्यांचे. मावशी आजही खूश आहे. वर्षातले मोजके ढगाळ दिवस सोडले तर तिला गिझरचं बटण दाबावं लागत नाही. आत्याकडे मात्र मृग लागला की बंबातून कोमट पाणी यायचं, ते थेट गणपतीपर्यंत. मग न्हाणीतली चूल पेटायची आणि ओलं लाकूड फुंकता फुंकता घरातल्या बायकांच्या डोळ्यांना पाणी यायचं. आपल्याला खराब माल दिला, असं आत्याला कितीतरी वर्षं वाटत होतं. मी तो बंब दोनदा तपासला. माल चांगला होता.

बेळगाव जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे गाडीने अर्ध्या दिवसात ओलांडता येतो, पण त्या अर्ध्या दिवसात पाऊस कुठल्या कुठे जातो. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बेळगाव शहरात साधारण १,३०० मिलिमीटर. अथणीला ५००-६०० पडला तर लोक समाधानी असतात. घरासाठी सोलर घ्यायचं म्हटलं की सगळे आधी कंपनी आणि भाव विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न हा असावा : तुमच्या गावात जून ते सप्टेंबर आकाश कसं असतं?

कारण ऊन वापरायच्या दोन पद्धती आहेत आणि ढगाखाली त्या अगदी वेगळ्या वागतात. सोलर बंब उन्हाने तापतो, पण तापलेली प्रत्येक वस्तू भोवतालच्या हवेला उष्णता देत असते. म्हणजे मिळकत आणि गळती दोन्ही एकाच वेळी चालू. कडक उन्हात एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॉट ऊर्जा पडते, तेव्हा गळती जाणवत नाही. आषाढातल्या दाट ढगाखाली तीच १५० वॉटवर येते. जुन्या सपाट पत्र्याच्या, वर काच असलेल्या बंबाने त्यातली पाऊणशे टक्के पकडली असं धरू : ११२ वॉट. आता पाणी हवेपेक्षा २५ अंशांनी गरम हवं असेल, तर अशा बंबाची गळती दर अंशाला साधारण ५ वॉट, म्हणजे १२५ वॉट. मिळकत ११२, गळती १२५. तो बंब त्या दिवशी पाणी तिथवर नेऊच शकत नाही, दिवसभर वाट पाहिली तरी. काचेच्या नळ्यांमध्ये निर्वात पोकळी असते, थर्मासच्या बाटलीसारखी, त्यामुळे त्यांची गळती खूप कमी. तरीही हिशेब केला तर १०० लिटर पाणी दिवसभरात सात-आठ अंशच वर चढतं. आत्याच्या हाताला लागणारं कोमट पाणी ते हेच.

वीज बनवणाऱ्या पॅनलला ही अडचण नाही. प्रकाशाचा कण सिलिकॉनवर पडला की तो एका इलेक्ट्रॉनला मोकळं करतो. कण कमी पडले तर इलेक्ट्रॉन कमी सुटतात, एवढंच. त्याला काही तापवायचं नसतं, म्हणून उष्णतेच्या गळतीचा प्रश्नच येत नाही. ढगातून झिरपलेल्या १५० वॉट प्रकाशात ३ किलोवॉटचे पॅनल ४५० वॉटच्या आसपास वीज देतात. थोडीच, पण देतात. उलट उष्णता हा पॅनलचा शत्रू आहे. सेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला वीज ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या छपराला चिकटवलेलं पॅनल ६५ अंशांना पोहोचलं, तर १२ ते १६ टक्के वीज तिथेच गेली. पॅनलखाली वीतभर तरी मोकळी हवा खेळू द्या, असं मी भेटेल त्याला सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, वाराही बरा, त्यामुळे या बाबतीत आपण सोलापूर-कलबुर्गीकडच्या लोकांपेक्षा सुखी आहोत.

आता हीट पंप. इंटरनेटवर त्याबद्दल वाचायला गेलात तर बर्फातल्या घरांना ऊब देणारी यंत्रं दिसतील. आपल्याला खोल्या तापवायच्या नाहीत. आपल्याकडे हीट पंप म्हणजे पाणी तापवायचं यंत्र, आणि ते कसं चालतं हे तुम्हाला आधीच माहीत आहे, कारण तुमचा फ्रिज तेच करतो. फ्रिजच्या मागच्या जाळीला हात लावा, गरम लागेल. ती आतल्या भाजीची, दुधाची उष्णता आहे, बाहेर आणून टाकलेली. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलतो आणि टाकीतल्या पाण्यात टाकतो. आतला वायू आधी फुगून गार होतो, इतका गार की २० अंशांची हवासुद्धा त्याला गरम वाटते आणि तो तिच्यातली उष्णता शोषतो. मग काँप्रेसर त्याला दाबतो, दाबल्यावर तो पाण्यापेक्षाही गरम होतो आणि शोषलेली उष्णता पाण्याला देऊन टाकतो. वीज लागते ती या ने-आणीपुरती. एक युनिट वीज खर्चून पाण्यात तीन ते चार युनिट उष्णता येते. गिझरमध्ये एकाला एकच.

ही कल्पना नवी नाही. केल्विन या शास्त्रज्ञाने ती १८५२ मध्ये मांडली, आणि त्याच दशकात ऑस्ट्रियातल्या पीटर फॉन रिटिंगर या अभियंत्याने एबेन्सी इथल्या मिठागरात तिच्यावर चालणारं यंत्र बसवलं. तो खारं पाणी आटवत होता. आटताना निघणारी वाफ त्याने पकडली, दाबून आणखी गरम केली आणि पुन्हा त्याच पाण्याखाली आणून खेळवली. हे वाचल्यापासून मला आपल्या गुऱ्हाळाशेजारून जाताना काहिलीवरून वर जाणारी ती दाट, गोड वासाची वाफ वेगळीच दिसते. किती चिपाडांची आग रोज आकाशात जाते आपली!

आणि इथेच आत्याच्या पावसाळ्याचं उत्तर आहे. खानापूरच्या जंगलपट्टीत जुलैत ऊन नसतं, पण हवा गार नसते. २२-२४ अंश, आणि ओलाव्याने गच्च. हीट पंपाला नेमकं हेच हवं. त्याच्या थंड नळ्यांवर हवेतली वाफ दवासारखी जमते, आणि वाफेचं पाणी होताना ती आपली उष्णता सोडते : एक लिटर पाणी जमलं की सुमारे ०.७ युनिट उष्णता. ज्या दमटपणामुळे कपडे आठवडाभर वाळत नाहीत, भिंतीला बुरशी येते, तोच दमटपणा इथे पाणी तापवायला हातभार लावतो. युरोपात हीच वाफ नळ्यांवर बर्फ होऊन बसते आणि यंत्राचा जीव घेते. आपल्याकडे तो प्रश्न नाही. यंत्राने ओढलेली गार हवा बाहेर जायला मोकळी जागा मात्र हवी. बंद कोठीत ठेवलं तर ते स्वतःच गार केलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत बसेल. पडवी उत्तम.

मग प्रत्येकाने हीट पंप घ्यावा का? नाही. आकडे करून बघू. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे २.९ युनिट उष्णता लागते. तिघांच्या घरात ७५ लिटर धरा : गिझरने रोज २.२ युनिट, हीट पंपाने ०.६. युनिटला हिशेबापुरते ६ रुपये धरले तर महिन्याला तीनशे रुपयेही वाचत नाहीत, आणि मोठ्या टाकीचं चांगलं यंत्र लाखाच्या आसपास जातं. अशा घराने त्या वाटेला जाऊ नये. पूर्वेकडे, अथणी, रायबाग, गोकाकच्या पट्ट्यात तर सोलर बंबासारखं स्वस्त आणि बिनखर्चाचं दुसरं काही नाही. फक्त पाणी बोअरचं आणि जड असेल तर त्यातला चुना गरम झाल्यावर नळ्यांत धरतो, तो वेळच्या वेळी साफ करून घ्यावा.

आत्याचं घर नऊ माणसांचं. २५० लिटर पाणी, म्हणजे गिझर लावला असता तर रोज सव्वासात युनिट, महिन्याला २१८. इथे कर्नाटकातल्या घरांनी गृहज्योतीचा विचार केलाच पाहिजे. २०२३ पासून महिन्याला २०० युनिटच्या आतल्या घरांना, त्यांच्या आधीच्या सरासरीवर ठरलेल्या मर्यादेपर्यंत, वीज मोफत मिळते. पण एखाद्या महिन्यात २०० ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल. म्हणजे आत्याच्या घराला एकटा गिझरच त्या रेषेपलीकडे घेऊन गेला असता. हीट पंपाने तेच पाणी महिन्याला ६०-६५ युनिटांत तापतं. बिल कन्नडमध्ये येतं म्हणून आपल्याकडची बरीच जुनी माणसं ते न वाचताच खिळ्याला अडकवतात. शेजारच्या शाळकरी पोराकडून का होईना, त्यावरचा युनिटचा आकडा बारा महिने वहीत उतरवून घ्या. सोलरचा कोणताही निर्णय त्या वहीशिवाय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

छपरावरच्या विजेच्या पॅनलचाही निर्णय त्याच वहीतून होतो. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या, गृहज्योतीत बसणाऱ्या घराला पॅनल बसवून पैसे वाचणार नाहीत, कारण वाचवायला बिलच नाही. बेळगावच्या टिळकवाडीत एसी, इंडक्शन, वॉशिंग मशीन असलेल्या, ३५० युनिट जाळणाऱ्या घराचं गणित अगदी उलटं. १ किलोवॉट पॅनल वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट देतं, म्हणजे ३ किलोवॉटचे महिन्याला ३६०. जुलैत ते उन्हाळ्याच्या निम्म्याच्या आसपास येतं, मार्च-एप्रिल भरून काढतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते हवं असेल तर पॅनलमधले सेल भारतात बनलेले हवेत, हे विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्या. गरजेपेक्षा मोठं बसवू नका. कंपनीला विकलेल्या जादा युनिटचा दर आपण विकत घेतो त्या दरापेक्षा कमी असतो. आणि चंदगड-कोल्हापूरच्या पाहुण्यांनी सांगितलेले नियम इथे लावू नका, त्यांची वीज कंपनी वेगळी, आपली हेस्कॉम वेगळी.

सावलीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथेच लोक सर्वात जास्त नुकसान करून घेतात. पॅनलमधले सेल माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात, आणि माळेतून तेवढाच प्रवाह वाहतो जेवढा सर्वात दुबळा सेल वाहू देतो. नारळाची एक झावळी कोपऱ्यावर पडली तरी पॅनलचा मोठा भाग बंद पडतो. बेळगाव जवळपास १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळचं ऊन तर बऱ्यापैकी उत्तरेकडून येतं. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही दक्षिणेला ५१ अंशांपर्यंतच चढतो. म्हणून पॅनल दक्षिणेकडे साधारण १५ अंश कलते हवेत, पण सावली मात्र दोन्ही बाजूंची पाहावी लागते. मे महिन्यात सकाळी नऊला आणि डिसेंबरात दुपारी तीनला गच्चीवर उभं राहा. पाण्याची टाकी, शेजाऱ्याचा जिना, फणसाचं झाड, जे काही आड येतं ते तेव्हा दिसेल. निपाणी-चिकोडीकडे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की चिमणीची राख गच्चीवर बसते; त्या महिन्यांत पॅनल आठवड्याला सकाळी गार असताना धुवावेत. कौलारू घर असेल तर कौलाला भोक पाडू देऊ नका, आधाराचे हुक खालच्या वाशालाच धरायला सांगा.

अजून एक गोष्ट विक्रेते बोलत नाहीत. लाइन गेली की छपरावरची साधी सोलर यंत्रणाही बंद पडते, भर दुपारच्या उन्हातसुद्धा. हा दोष नाही. खांबावर चढलेला लाइनमन तार मेलेली समजून हात लावतो. तुमच्या छपरावरून वीज मागे आली तर त्याचा जीव जाईल. म्हणून लाइन गेल्याचं कळताच इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारी पेटी, स्वतःला तोडून घेतो. खानापूरच्या रानात पावसाळ्यात झाड पडून दोन-दोन दिवस वीज नसते. तिथे उजेडाचा भरवसा हवा असेल तर लाइन नसतानाही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि खर्च बराच वाढतो.

ज्यांच्याकडे पॅनल आहेत आणि माणसंही भरपूर आहेत, त्यांच्यासाठी दोन्हींची जोडी मात्र सुरेख जमते. पॅनल उन्हातली २० टक्के ऊर्जा विजेत आणतं, हीट पंप ती साडेतीन पट करतो. म्हणजे ७० टक्के उष्णता पाण्यात, जवळपास सोलर बंबाइतकीच, आणि हे प्रमाण ढगाखाली कोसळत नाही. मघाच्या त्या ४५० वॉटमधून दीड हजार वॉटच्या वर उष्णता मिळते. दुपारी बारा ते तीन यंत्र चालवावं, तेव्हा पॅनलची वीज सर्वात जास्त आणि हवाही सर्वात गरम. टाकीचं तापमान ५० अंशांवर ठेवावं, कारण जितकं जास्त मागाल तितका काँप्रेसर जास्त दमतो. आठवड्यातून एकदा जंतूंसाठी ६० वर न्यावं.

आत्याने पॅनल घेतले नाहीत. कौलांवर दुपारपर्यंत फणसाची सावली असते, आणि मोफत युनिट आहेतच. गेल्या वर्षी मृगाच्या आधी तिने हीट पंप तेवढा बसवला, पडवीत, आजोबांच्या झोपाळ्याच्या जागी. जुना सोलर बंब काढला नाही. दिवाळीपासून मेपर्यंत पाणी अजून त्याच्यातच तापतं. पावसाळ्यात यंत्राच्या नळीतून थेंब थेंब पाणी गळतं, ते ती बादलीत धरते आणि हे पाणी कुठून येतं म्हणून मला विचारते. हवेतून, असं मी सांगितलं, तेव्हा तिने बादलीत हात घालून बघितला. पाणी गार होतं.