वस्तुमान आणि वजन

एखाद्या वस्तूत द्रव्य किती आहे ते तिचं वस्तुमान, आणि त्या द्रव्याला पृथ्वी, चंद्र किंवा दुसरा एखादा ग्रह किती जोरात खाली ओढतो ते तिचं वजन. वजन हे बल आहे म्हणून ते न्यूटनमध्ये मोजतात, किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक, १९०१ च्या आंतरराष्ट्रीय वजनमापे परिषदेत हे रीतसर ठरवून टाकलं. तरी आपण सगळे 'वजन ६० किलो' असंच म्हणतो, आणि पृथ्वीवर राहून त्याने फारसं काही बिघडतही नाही.

वजनाचा हिशेब सोपा आहे, वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो तो आकडा. हे त्वरण पृथ्वीवर साधारण ९.८, मंगळावर ३.७ आणि चंद्रावर १.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग, त्यामुळे ६० किलोच्या माणसाचं वजन इथे ५८८ न्यूटन, मंगळावर २२२ च्या आसपास आणि चंद्रावर जेमतेम ९७ भरतं. वस्तुमान मात्र तिन्हीकडे ६० किलोच, तिथे जाऊन कोणी बारीक होत नाही.

काटा कुठला वापरतोय त्यावरही बरंच अवलंबून असतं. ताणकाटा ओढ मोजतो, म्हणून इथे आकडे आखलेला काटा चंद्रावर नेला तर ६० च्या जागी १० दाखवेल, पण दोन पारड्यांच्या तराजूत माणूस आणि मापं दोघंही सारखेच हलके होतात म्हणून तो ६० च सांगणार. डिजिटल काटासुद्धा आतून ओढच मोजतो, त्यामुळे अचूक काम असेल तर तो जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित माप ठेवून सेट करावा लागतो, कारण खुद्द पृथ्वीवरही त्वरण सगळीकडे एकसारखं नाही, विषुववृत्तावर ९.७८ तर ध्रुवांवर ९.८३. १६७२ मध्ये ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला तेव्हा त्याचं लंबकाचं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं, ते याच फरकामुळे.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो जडत्वाबाबत, म्हणजे वस्तू हलवताना किंवा थांबवताना ती जो विरोध करते त्याबाबत. वजन घटलं म्हणून वस्तू ढकलायला किंवा थांबवायला सोपी होत नाही, चंद्रावर मोठा दगड उचलणं सोपं, पण तोच दगड वेगाने अंगावर आला तर इथल्याइतकाच जोरात लागेल. अवकाश स्थानकातही हेच. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं असं अनेकांना वाटतं, पण ४०० किलोमीटर उंचीवर ते इथल्या जवळपास ९० टक्के असतं, फक्त स्थानक आणि आतली माणसं सोबतच पडत असतात म्हणून पायाखाली दाब येत नाही आणि साधा काटा शून्य दाखवतो. मग अंतराळवीराचं वस्तुमान मोजायचं कसं, तर त्याला स्प्रिंग लावलेल्या खुर्चीत बांधून हलवायचं आणि एका हेलकाव्याला किती वेळ लागतो ते बघायचं. वस्तुमान जितकं जास्त तितका हेलकावा संथ. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अवकाश स्थानकावर अशाच खुर्चीत अंतराळवीरांची मोजणी व्हायची.