चांदणे वाढवणारी नळी

अमावास्येच्या रात्री हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर नाइट व्हिजन दुर्बीण डोळ्याला लावली, तर पायवाट, झुडपे, पलीकडून येणारा माणूस असे सगळे हिरवट उजेडात दिसू लागते. तीच दुर्बीण घेऊन गडावरच्या एखाद्या गुहेत अगदी आतवर, जिथे बाहेरचा उजेड पोचतच नाही अशा जागी गेलो, की ती आंधळी होते. उघड्या आकाशाखालची सर्वांत काळी रात्रही पुरती काळी नसते. ताऱ्यांचा प्रकाश असतो, शिवाय वातावरणाच्या वरच्या थरांची स्वतःची मंद प्रभा असते. ही दुर्बीण तेवढे भांडवल घेऊन हजारो पटींनी वाढवते.

तिची मूळ नळी हॉलंडमधली. धातूवर प्रकाश पडला की काही वेगळे घडते, हे हर्ट्झला 1887 मध्ये जाणवले होते. प्रकाशाचे कण धातूतून इलेक्ट्रॉन उडवून लावतात, हे त्याचे स्पष्टीकरण आइन्स्टाइनने 1905 मध्ये दिले. आइंडहोवनच्या फिलिप्स प्रयोगशाळेत होल्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1934 मध्ये याच परिणामातून चित्र मिळवले. हवा काढून घेतलेल्या काचेच्या भांड्यात दोन चकत्या समोरासमोर ठेवल्या. एकीवर चांदी आणि सीझियमचा नाजूक थर, दुसरीवर इलेक्ट्रॉन आदळताच चमकणारा लेप. पहिल्या चकतीवर न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी चित्र उमटते, तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन मोठ्या विद्युतदाबाने ओढले जातात आणि दुसऱ्या चकतीवर तेच चित्र डोळ्यांना दिसेल असे उजळते. आजही नळीचा गाभा हाच आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी अशी यंत्रे काही पँथर रणगाड्यांवर बसवली. ‘व्हॅम्पीर’ नावाची दुर्बीण त्यांनी रायफलीवरही चढवली, पण तिच्यासाठी सैनिकाला पाठीवर जड बॅटरी वाहावी लागे. अमेरिकी सैनिक 1945 मध्ये ओकिनावाच्या लढाईत अशाच दुर्बिणी लावलेल्या कार्बाइन, म्हणजे आखूड रायफली, वापरत होते. या सगळ्या यंत्रांची अडचण एकच होती. नळीला पुरेसे दिसावे म्हणून सोबत अवरक्त झोत टाकणारा दिवा लागे. साध्या डोळ्यांना तो दिसत नसे, पण शत्रूकडेही तशीच दुर्बीण असली की त्याला तो लख्ख कंदिलासारखा दिसे. पाहणारा स्वतःच उघडा पडायचा. पुढच्या साऱ्या संशोधनाला रेटा मिळाला तो हा दिवा काढून टाकण्याच्या गरजेतून, असे मला वाटते.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने ‘स्टारलाइट’ दुर्बीण आणली, तेव्हा तो दिवा गेला. तिच्यात तीन नळ्या एकीमागे एक जोडलेल्या होत्या. पहिलीचे चित्र दुसरी उजळवी, दुसरीचे तिसरी. यंत्र लांबलचक झाले आणि वजन पावणेतीन किलोंच्या घरात गेले. जवळ एखादा भडका उडाला, की सगळे चित्र पांढरेफटक होऊन जाई.

या वजनातून सुटका केली ती काचेच्या एका चकतीने, आणि या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी वस्तू हीच. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि तेवढ्यात आरपार गेलेली लाखो छिद्रे. प्रत्येक छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका. ती ड्रिलने पाडता येत नाहीत. आत एका प्रकारची आणि बाहेर दुसऱ्या प्रकारची काच असलेले तंतू ओढतात, त्यांच्या जुड्या बांधून तापवून पुन्हा ओढतात, मग त्या जुडीचे काकडीसारखे पातळ काप करतात. शेवटी रसायनाने आतली काच विरघळवून टाकली, की छिद्रे उरतात. एक इलेक्ट्रॉन छिद्रात शिरला, की भिंतींवर आपटत जातो, प्रत्येक आपटीला आणखी इलेक्ट्रॉन सुटतात आणि दुसऱ्या टोकाला हजारोंचा लोंढा बाहेर पडतो. 1970 च्या दशकात ही चकती आली, तेव्हा दुर्बीण आखूड होऊन डोक्याला बांधता येऊ लागली. हेलिकॉप्टरचे वैमानिक ती लावून उडू लागले, मात्र एरवी दोन्ही बाजूंना पसरलेली नजर सुमारे 40 अंशांच्या गोलात आक्रसून घेऊन.

अशा नळ्यांच्या तिसऱ्या पिढीत पहिल्या चकतीवरच्या थरासाठी गॅलियम आर्सेनाइड हे संयुग आले. रात्रीच्या आकाशातून दृश्य प्रकाशाच्या लगतचा अवरक्त प्रकाश दृश्य प्रकाशापेक्षा अधिक येतो आणि हा थर तो चांगला टिपतो. चित्र हिरवे का, तर इलेक्ट्रॉन रंगाची खूण सोबत नेत नाहीत. कुठलाही एकच रंग निवडायचा, मग डोळ्याला ज्याच्या छटा सर्वाधिक कळतात तो हिरवा निवडला गेला. आता पांढरट पडदेही मिळतात.

या नळीचा धागा पुण्यापर्यंत येतो, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्स (बेल) या सरकारी कंपनीने 1979 मध्ये पुण्यात कारखाना काढला, तोच अवरक्त चित्र दृश्य करणाऱ्या नळ्या बनवण्यासाठी. 1990 मध्ये हॉलंडच्याच डेल्फ्ट इन्स्ट्रुमेंट्सबरोबर भागीदारीत भोसरीला प्रतिमा उजळणाऱ्या नळ्यांची कंपनी उभी राहिली. ती पुढे बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस झाली. कारगिलच्या उघड्या उतारांवर दिवसा चढणे म्हणजे वरच्या बंदुकांना नेम देणे, म्हणून 1999 मध्ये तोलोलिंग आणि टायगर हिलच्या चढाया आपल्या जवानांनी रात्री केल्या. अशा वेळी हाताशी काय आहे, हे ज्या देशाला नळी स्वतः घडवता येते त्याने स्वतः ठरवलेले असते. म्हणून भोसरीतल्या त्या कामाचे मोल मला फार वाटते.

थर्मल कॅमेरा हे वेगळे प्रकरण. त्याला चांदणेही नको. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार दृश्य प्रकाशापासून बऱ्याच दूरचे जे अवरक्त किरण सोडते, तेच तो टिपतो. म्हणून तो गुहेतही चालतो. सह्याद्रीतल्या चापडा सापाला डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळग्याने असेच उष्ण भक्ष्य जाणवते. 2018 मध्ये यवतमाळच्या पांढरकवडा भागात अवनी वाघिणीच्या शोधासाठी थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन आणले होते. मात्र दिवसा तापलेली जमीनच जनावराच्या अंगाइतकी गरम असते, तेव्हा फरक दाखवायला त्याला थंड वेळ लागते.

आणि सैन्याने टाकून दिलेला तो अवरक्त दिवा? तो आता दुकानादुकानावर आहे. जंगलातल्या कॅमेरा ट्रॅपला किंवा गल्लीतल्या सीसीटीव्हीला लपायचे नसते, त्यामुळे त्यांना तो स्वस्त आणि सोयीचा. संध्याकाळी उजेड कमी झाला, की सीसीटीव्हीतून ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो. दिवसभर अवरक्त किरण अडवणारी काच बाजूला सरकते, भिंगाभोवतीचे छोटे दिवे लागतात आणि आतल्या पडद्यावर रस्ता काळा-पांढरा होतो.