दहापर्यंत म्हणता आलं, म्हणजे मोजता आलं?

दोन वर्षांचं मूल घडाघडा दहापर्यंत म्हणतं, म्हणजे त्याला मोजता येतं, हा समज पालकांत आणि बालवर्गांतही घट्ट बसला आहे. तो चुकीचा आहे. त्या वयात एक-दोन-तीन ही एक चाल असते, बडबडगीतासारखी. त्याच मुलासमोर ठोकळे ठेवा आणि म्हणा, ‘मला तीन दे.’ बहुधा ते मूठभर उचलून देईल. मानसशास्त्रज्ञ करेन विन यांच्या १९९० च्या अभ्यासात अशीच मुलं दिसली. आधी ‘एक’चा अर्थ कळतो, मग ‘दोन’चा, मग ‘तीन’चा. मोजताना शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे साधारण साडेतीन वर्षांच्या आसपास उमगतं, काहींना त्याहून उशिरा.

म्हणून वीस-पन्नासपर्यंत पाठ करून घेणाऱ्या वर्गापेक्षा मला तो वर्ग मोलाचा वाटतो, जिथे ताई बूट घालताना म्हणतात, ‘हे बघ, दोन पाय, दोन बूट.’ प्रत्येक बाहुलीपुढे एकेक वाटी ठेवायला सांगतात. वाटी कमी पडली, की मूल थबकतं, पुन्हा बघतं. त्याला तेवढा वेळ द्या, मध्येच उत्तर सांगू नका.