साहेबांना उठवायचं का?

११ ऑक्टोबर १९७३ची संध्याकाळ. अरब-इस्रायल युद्ध पेटून जेमतेम पाच दिवस झालेले. लंडनहून व्हाइट हाउसला फोन आला: ब्रिटनचे पंतप्रधान हीथ यांना अर्ध्या तासात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याशी बोलायचंय. परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी सहकारी स्कोक्रॉफ्टना विचारलं, नाही म्हणून सांगता येईल का? मघाशी ते निक्सनशी बोलले होते, तेव्हा साहेब तर्र होते. मग साहेब उपलब्ध नाहीत असं कळवायचं ठरलं. हे संभाषण टिपून ठेवलेलं होतं, म्हणून आपल्याला कळलं.

फोन टाळता येतो. अण्वस्त्रांचा हुकूम टाळायची सोय मात्र अमेरिकेच्या यंत्रणेत मुद्दामच ठेवलेली नाही. रशियातून निघालेलं क्षेपणास्त्र साधारण ३० मिनिटांत अमेरिकेत पोचतं, पाणबुडीतून सुटलेलं त्याहून लवकर. ते दिसणं, खात्री करणं, हुकूम पोचवणं यातून उरलेली मोजकी मिनिटं राष्ट्राध्यक्षांची. त्यात बैठक कसली घेणार? गंमत अशी, की जमिनीखालच्या तळावर क्षेपणास्त्र डागायला दोन अधिकाऱ्यांनी एकाच वेळी किल्ल्या फिरवाव्या लागतात, आणि त्या किल्ल्यांमधलं अंतर एकट्याचे हात पुरणार नाहीत इतकं ठेवलेलं असतं. वर मात्र एकच माणूस.

२४ ऑक्टोबरच्या रात्री सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांचं धमकीवजा पत्र आलं: तुम्ही सोबत येणार नसाल तर आम्ही एकटेच इजिप्तमध्ये सैन्य पाठवायचा विचार करू. साहेबांना उठवायचं का, असं किसिंजरनी विचारलं. चीफ ऑफ स्टाफ हेग म्हणाले, नको. मग निक्सन यांच्या गैरहजेरीतच बैठक बसली आणि मध्यरात्रीच्या सुमारास जगभरातल्या अमेरिकी फौजा ‘डेफकॉन ३’ या सज्जतेच्या पातळीवर गेल्या. हा आकडा जितका लहान, तितकं युद्ध जवळ.

बैठक पहाटे दोनपर्यंत चालली. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जागरणाची तुलना दारूशी केली. सलग १७ तास जागा असलेला माणूस हात आणि डोळ्यांच्या ताळमेळाच्या चाचणीत ०.०५ टक्के रक्त-अल्कोहोल असलेल्याइतका ढिला पडला. भारतात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे सकाळी सातला उठलेला सल्लागार मध्यरात्री, थेंबही न घेता, त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेल्या चालकाच्या जवळपास असणार. लहरी नेत्याला सांभाळणारे स्वतः किती शुद्धीत, हे मला निक्सनच्या ग्लासापेक्षा जास्त सतावतं. सुदैवाने मॉस्कोने उलट चाल केली नाही.

ऑगस्ट १९७४मध्ये वॉटरगेट घोटाळ्यामुळे निक्सन खचले, तेव्हा संरक्षणमंत्री श्लेसिंजर यांनी सेनाधिकाऱ्यांना बजावलं: व्हाइट हाउसकडून वेगळा काही हुकूम आला तर आधी मला विचारा. कायद्यात असं कलम नव्हतंच. कायद्याने हुकूम लोकांनी निवडून दिलेल्या माणसाच्या हाती दिला होता, नियुक्त मंत्र्याच्या नव्हे. तरीही तेव्हा मी त्या जागी असतो तर हेच केलं असतं, असं वाटतं.

१९७३ मध्येच क्षेपणास्त्र दलात प्रशिक्षण घेणाऱ्या मेजर हॅरॉल्ड हेरिंगने वर्गात विचारलं: हुकूम देणारा राष्ट्राध्यक्ष भानावर आहे, हे मला कसं कळणार? त्याला प्रशिक्षणातून काढलं, पुढे हवाई दलातूनही. नंतर तो ट्रक चालवू लागला.