वरच्या ओळीतले काळे चौकोन आणि बिचारा 'मेलेला' डिस्प्ले

हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता उत्तर पाठ झालंय. आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) सोळा बाय दोनचं, म्हणजे सोळा अक्षरांच्या दोन ओळींचं, एलसीडी शील्ड (वर बसणारा जोडबोर्ड) बसवलं, करंट दिला, बॅकलाईट लागला, पण वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन आणि खालची ओळ कोरी. "डिस्प्ले उडाला का?" नाही हो, उडाला असता तर चौकोनही दिसले नसते. आणि ते चौकोन म्हणजे 'ऑन' झालेले ठिपके असं सगळ्यांना वाटतं ना, तेच मुळात चुकीचं आहे. ते सगळे बंद ठिपके आहेत! बंद असून काळे का, हेच मला सांगायचंय.

लिक्विड क्रिस्टल स्वतः उजेड देत नाही हे शाळेत झालंय. दोन काचांमध्ये त्याचे रेणू पीळ घालून बसलेले असतात, व्होल्टेज दिलं की पीळ सुटतो, उजेड अडतो, ठिपका काळा दिसतो. व्होल्टेज एसीच लागतं, डीसी दिलं तर आतला द्रव हळूहळू खराब होतो. आता ठिपके मोजा: ३२ अक्षरं, प्रत्येकी ५ बाय ८, एकूण १२८०. एवढ्या तारा कोण ओढणार? म्हणून १६ आडव्या आणि ८० उभ्या, अशा ९६ तारांत काम भागवतात आणि आडव्या रेषा एकामागून एक स्कॅन करतात. हे काम करणारी जुनी चिप, म्हणजे कंट्रोलर, हिताचीचा एचडी४४७८०, आजही बहुतेक डिस्प्लेंच्या पाठीवरच्या त्या काळ्या थेंबाखाली तो नाहीतर त्याची नक्कल असते.

गोम अशी की आपली पाळी नसतानाही प्रत्येक ठिपक्याला शेजारच्यांसाठी सोडलेलं थोडं व्होल्टेज मिळतच राहतं, आणि रेणू संथ असल्यामुळे त्यांना फक्त एकूण परिणाम (म्हणजे आरएमएस, व्होल्टेजच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) कळतो. एलसीडीला ४.५ व्होल्ट मिळाले आणि १६ रेषा स्कॅन होत असल्या तर हिशोब असा येतो: ऑन ठिपक्याला १.४२ व्होल्ट, ऑफ ठिपक्याला १.१० व्होल्ट. फरक जेमतेम १.२९ पट! एवढ्या चिंचोळ्या फटीत काळं-पांढरं ठरतं.

आता चौकोन बघा. करंट देताच कंट्रोलर एका ओळीच्या मोडमध्ये उठतो, फक्त वरच्या ८ रेषा स्कॅन करतो. रेषा कमी म्हणजे प्रत्येकीची पाळी जास्त वेळा येते, त्यामुळे तिथल्या बंद ठिपक्यांनाही १.२७ व्होल्ट मिळतात आणि ते काळपट होतात. खालच्या ८ रेषांची पाळी येतच नाही, त्यांना ०.९ व्होल्ट, म्हणून ती ओळ कोरी. (इथे आकडेमोडीत हरवला असाल तर एवढंच धरा की डिस्प्ले जिवंत आहे, त्याला अजून कोणी काही सांगितलेलं नाही.)

शील्डवरचा तो निळा चौकोनी पॉट (स्क्रूनं फिरवायचा रेझिस्टर) ब्राईटनेसचा नसतो, तो तिसऱ्या पिनचं व्होल्टेज ठरवतो. पुरवठा ५ व्होल्ट असेल तर तिथे साधारण अर्धा व्होल्ट ठेवला की उरलेले ४.५ एलसीडीला मिळतात. २ व्होल्टवर गेलात तर ऑन ठिपक्यालाही एकाच्या आत व्होल्ट मिळतात, म्हणजे कोड बरोबर असून पडदा कोरा. ३.३ व्होल्टवर अख्खा डिस्प्ले चालवणाऱ्यांची हीच गत होते, पॉट कितीही फिरवा. बॅकलाईटचा यात काही संबंध नाही, तो साधा एलईडी आहे, त्याचा करंट वेगळा, ट्रान्झिस्टरमधून द्यावा, मायक्रोकंट्रोलरच्या (आर्डुइनोवरच्या मुख्य चिपच्या) पिनवर लादू नये.

राहिला कंट्रोल. शील्डवर सहसा सहाच तारा वापरतात, चार डेटाच्या, म्हणून 'ए'चा कोड ०x४१ आधी ४ आणि मग १ असा दोन घासांत जातो. वाचायची पिन बहुतेकदा ग्राउंडला बांधलेली असते, 'झालं का रे?' असं विचारता येत नाही, मग अंदाजानं थांबायचं. अक्षराला ३७ मायक्रोसेकंद, पडदा पुसायला १.५२ मिलिसेकंद. एवढं माहीत असूनही लोक कोडमध्ये जागोजागी एकेक सेकंदाचा डिले टाकतात, अगदी अंगारा लावल्यासारखा, आणि योगायोगानं चाललं की त्यालाच उपाय म्हणतात.

खरी भानगड वेगळीच असते. मायक्रोकंट्रोलर रिसेट झाला पण डिस्प्लेचा करंट चालूच राहिला तर दोघांचे घास चुकतात, मायक्रोकंट्रोलर ज्याला पहिला घास समजतो तो डिस्प्लेसाठी दुसरा असतो, पडद्यावर कचरा येतो. म्हणून सुरुवातीला ३ हा आकडा तीनदा पाठवायचा, पहिल्यानंतर ४.१ मिलिसेकंद थांबून, दुसऱ्यानंतर १०० मायक्रोसेकंद. कुठल्याही अवस्थेतून गडी ८ बिटवर (म्हणजे अख्खा कोड एकाच घासात घेण्यावर) येतो. मग २ पाठवून ४ बिटवर (दोन घासांवर) आणायचा, मग दोन ओळींचा मोड सांगायचा. त्या क्षणी स्कॅन १६ रेषांवर जातं, बंद ठिपके १.२७ वरून १.१० वर उतरतात आणि चौकोन गायब.