पार्श्वभूमी : लेखकाशी गप्पा सुरू होतात, अनुदानावर येऊन थांबतात

सोलापुरात वाचनालयाच्या सभागृहात लेखकाची प्रकट मुलाखत ठेवणं नवीन नाही. नवीन आहे ते लेखकाच्या शेजारी ग्रंथपालाला बसवणं. १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव अशी निमित्तं असतात. लेखकाला विचारलं जातं पुस्तक कसं सुचलं, ग्रंथपालाला विचारलं जातं हल्ली लोक काय वाचतात. सुरुवात छान जाते. मग श्रोत्यांतून एखादा उठतो, बहुतेक वेळा तालुक्याच्या वाचनालयाचा माणूस, आणि ‘पडताळणी’, ‘दर्जोन्नती’, ‘दुसरा हप्ता’ असे शब्द यायला लागतात. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, विषय भरकटला. तो भरकटलेला नसतो. व्यासपीठावरच्या दोन खुर्च्यांत जे अंतर आहे, त्याचा हिशेब त्या शब्दांत आहे.

जुना काळ थोडक्यात. रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८ अशा क्रमाने मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांच्या गावी ‘नेटिव्ह जनरल लायब्ऱ्या’ निघत गेल्या. सोलापूरचं सर्वांत जुनं वाचनालयही एकोणिसाव्या शतकातलंच. वर्गणी भरणारे म्हणजे वकील, कचेरीतले नोकर, पेढीवाले. १८७७ मध्ये शहरात पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत शहर गिरणीच्या भोंग्यावर चालू लागलं, पण गिरणी कामगार या वाचनालयांचा वर्गणीदार फारसा झाला नाही. त्याचं वाचन पेठेतल्या, तालमीजवळच्या फुकट वाचनकट्ट्यावर व्हायचं, १९५३ च्या कामगार कल्याण कायद्यानंतर कल्याण केंद्रांत व्हायला लागलं. शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागात तेलुगू वृत्तपत्रं वाचायला मिळतील अशी वेगळी सोय लागायची, अक्कलकोटच्या बाजूला कन्नडची. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांच्या शहरात ‘सार्वजनिक’ म्हणवणारं वाचनालय बरीच वर्षं प्रामुख्याने एकाच भाषेचं होतं, हे नमूद करून पुढे जाऊ.

लेखकाचं येणं तेव्हा भाषणापुरतं असे. १९४१ चं मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, तेव्हाचे अध्यक्ष कोल्हापूरकडचे, कादंबरीकार म्हणून घराघरात पोचलेले. लोक ऐकायला गेले आणि ऐकून परत आले. प्रश्न विचारण्याची पद्धत नव्हती. बरोबर ६५ वर्षांनी, २००६ मध्ये, ७९ वं संमेलन पुन्हा इथेच झालं. या वेळी अध्यक्ष सोलापूरचेच, उमेदीची वर्षं वनखात्याच्या नोकरीत, जंगलांत काढलेले. या दोन संमेलनांच्या मधल्या काळात व्याख्यानाची जागा मुलाखतीने घेतली. समोरासमोर दोन खुर्च्या, मधे टीपॉय, त्यावर पाण्याचा तांब्या किंवा पुढे बाटली. मुलाखत घेणारा मराठीचा प्राध्यापक असायचा, नाहीतर पत्रकार. ग्रंथपाल माइक तपासायचा, सतरंजी घालून घ्यायचा आणि कार्यक्रम सुरू झाला की मागच्या दाराशी उभा राहायचा. प्रास्ताविक वाचनालयाच्या अध्यक्षांचं, आभार कार्यवाहांचे. ज्याने लेखकाची सगळी पुस्तकं दाखल करून घेतली, त्यांतली कुठली फाटेपर्यंत वाचली गेली आणि कुठलं पुस्तक एकदाही बाहेर गेलं नाही हे ज्याला पाठ होतं, त्याचं नाव आभारात ‘कर्मचारी वर्ग’ या दोन शब्दांत यायचं.

हे स्वभावदोषामुळे झालं असं नाही. त्यामागे कायदा आहे.

१९४० च्या सुमाराला मुंबई सरकारने नेमलेल्या एका समितीने प्रांतापासून गावापर्यंत ग्रंथालयांची उतरंड सुचवली होती. सरकारने प्रत्यक्षात स्वीकारलं ते असं, की जी वाचनालयं लोकांनी आधीच काढली आहेत त्यांना मान्यता द्यायची आणि हातभार लावायचा. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या राज्यांत ग्रंथालय कायदे झाले तेव्हा हाच प्रश्न पुन्हा आला : वाचनालय सरकारने चालवायचं, की लोकांनी चालवायचं आणि सरकारने पैसे द्यायचे? मद्रासने १९४८ मध्ये पहिला कायदा केला आणि मालमत्ता करावर ग्रंथालय कर बसवला. आंध्रने १९६० मध्ये आणि त्या वेळच्या म्हैसूर राज्याने, म्हणजे आजच्या कर्नाटकने, १९६५ मध्ये तसंच केलं. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, अंमल १ मे १९६८ पासून. त्यात कर नाही. राज्याने ग्रंथालय निधीत दरवर्षी ठरावीक किमान रक्कम घालायची, ती सुरुवातीला २५ लाख रुपये, आणि नोंदणीकृत संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना अनुदान द्यायचं. १९७० च्या नियमांनी अनुदानासाठी मान्यतेच्या अटी घातल्या. जिल्हा, तालुका आणि इतर अशी वाचनालयांची पायरी, आणि त्यात अ, ब, क, ड असे वर्ग. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, वर्गणीदार, नियतकालिकं, उघडं ठेवण्याचे तास यांवर.

या निर्णयाची स्तुती करणारे अजूनही भरपूर आहेत आणि त्यांचा मुद्दा खोटा नाही. लोकांनी चालवलेल्या हजारो वाचनालयांचं असं जाळं फार कमी राज्यांत आहे. आजही महाराष्ट्रात शासनमान्य वाचनालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत. सरकारने स्वतः चालवायची म्हटली असती तर गावोगाव पोचायला किती वर्षं लागली असती, कोण जाणे. पण सोलापूर सीमेवर आहे, त्यामुळे इथल्या माणसाला तुलना टाळता येत नाही. अक्कलकोटच्या पलीकडे कर्नाटकात शहर आणि जिल्हा पातळीवरचं ग्रंथालय हे सरकारी खातं आहे आणि ग्रंथपाल सरकारी नोकर. (तिथल्या ग्रामपंचायतींच्या वाचनालयांत मात्र मानधनावरच भागवावं लागलं आहे, तेव्हा फार हेवा नको.) पूर्व भागातल्या अनेकांचे नातेवाईक तेलंगणात, तिथेही ग्रंथालय कर आहे आणि जिल्हा ग्रंथालय संस्था आहे. इकडे ग्रंथपाल हा संस्थेने नेमलेला माणूस. पगार संस्था देणार, संस्था तो अनुदानातून देणार, आणि अनुदानाच्या ५० टक्के रक्कम वेतनावर, उरलेली ग्रंथखरेदी, वर्तमानपत्रं, भाडं, वीज आणि किरकोळ खर्चावर. वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींसाठी एकाहून अधिक समित्या बसल्या, अहवाल आले. वेतनश्रेणी आली नाही. त्याच शहरात, तीच पदवी घेतलेला कॉलेजचा ग्रंथपाल विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेणीत असतो.

आता २०१२. जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत कुठल्याही ग्रंथपालाशी बोलायला बसा, हे वर्ष निघाल्याशिवाय राहत नाही.

त्याआधीच्या दशकात मान्यताप्राप्त वाचनालयांची संख्या झपाट्याने वाढली होती. त्यांतली काही फक्त कागदावर होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. फलक आहे पण आत पुस्तकं नाहीत, पुस्तकं आहेत पण कुलूप उघडत नाही, असे प्रकार सगळ्यांना ठाऊक होते. मे २०१२ मध्ये राज्यभरातल्या वाचनालयांची एकदम पडताळणी झाली. ती ग्रंथालय खात्यातल्या लोकांनी केली नाही, महसूल खात्याकडून करून घेतली. म्हणजे उतारे, पंचनामे, टंचाईचे अहवाल करणारे लोक दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, उघडून बसले. फलक, जागा, हजेरीपट, वर्गणीच्या पावत्या, वर्तमानपत्रांची बिलं, आणि पुस्तकांवर शिक्के आहेत की नाहीत. पुस्तक वर्गणीदाराच्या घरी गेलेलं असलं तर ते कपाटात दिसत नाही, हे देवघेव नोंदवही दाखवून समजावून सांगावं लागलं, असं सांगणारे ग्रंथपाल आहेत. चांगलं चालणारं वाचनालय असेल तर पुस्तकं कपाटात कमी आणि बाहेर जास्त, हा या धंद्याचा साधा नियम. तो मोजणाऱ्याच्या सोयीचा नव्हता.

सरकारची बाजू अशी, की पैसा जनतेचा आहे आणि तो वाढवून द्यायचा तर आधी मोजदाद हवी. त्याच वर्षापासून अनुदानात ५० टक्के वाढ झालीही. पण पडताळणीच्या पाठोपाठ नवी मान्यता आणि दर्जोन्नती, म्हणजे वरच्या वर्गात जाणं, थांबली, आणि ती वर्षानुवर्षं थांबलेली राहिली. बोगस वाचनालयाला शिक्षा व्हायला हवी होती, ती काहींना झाली. ज्यांच्याकडे सगळं जागच्या जागी सापडलं त्यांनाही मात्र जिथे होते तिथेच थांबवलं गेलं. २०१२ मध्ये ‘ड’ वर्गात असलेल्या गावच्या वाचनालयाने पुढे पुस्तकं दुप्पट केली, सभासद वाढवले, तरी अनुदान ‘ड’ चंच. या निर्णयाने भ्रष्टाचार किती थांबला यावर मतभेद आहेत. उमेद थांबली, यावर मला तरी मतभेद ऐकायला मिळाले नाहीत.

या काळाचा एक परिणाम पुस्तकांच्या कपाटातच दिसतो. पानं पिवळी पडलेली, बांधणी सुटलेली, कुणीही न मागणारी पुस्तकं रीतसर निर्लेखित करायची, म्हणजे नोंदीतून काढून टाकायची असतात. नियमात तशी सोय आहे. पण वर्ग टिकतो तो ग्रंथसंख्येवर, आणि पुन्हा कधी पडताळणी येईल सांगता येत नाही. म्हणून ती पुस्तकं कपाटाच्या वरच्या फळीवर, दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यांत राहतात. लेखक पाहुणा म्हणून येतो, गठ्ठ्यांकडे बघतो आणि म्हणतो, ‘किती जुना संग्रह जपलाय तुम्ही!’ ग्रंथपाल मान हलवतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली. जिल्हा ‘अ’ वाचनालयाचं अनुदान ७,२०,००० वरून ११,५२,००० रुपये झालं आणि ‘ड’ चं ३०,००० वरून ४८,०००. बातमीचा मथळा ६० टक्क्यांचा. आता ‘ड’ चा हिशेब मांडा. ४८,००० चे निम्मे २४,०००. बारा महिन्यांनी भागा, ग्रंथपालाच्या हातात महिना २,००० रुपये. वाढीच्या आधी १,२५० होते. वर हे पैसे दर महिन्याला येत नाहीत, दोन हप्त्यांत येतात आणि दुसऱ्याची वाट बघण्यात मार्च उजाडतो. तोवर संस्थेने उसने काढायचे किंवा ग्रंथपालाने थांबायचं. बहुतेक वेळा ग्रंथपालच थांबतो. त्याचं किराणा दुकान असतं, शेती असते, किंवा संध्याकाळी तो कुणाच्या तरी हिशेबाच्या वह्या लिहितो. ‘हल्ली वाचन कमी झालंय का?’ हा प्रश्न त्याला व्यासपीठावर विचारला जातो.

लेखकाची बाजू वेगळी आहे आणि तीही समजून घ्यायला हवी. मराठी पुस्तकाची हजाराची आवृत्ती बरीच वर्षं वाचनालयांच्या भरवशावर निघत आली. त्यामुळे लेखक वाचनालयाकडे गिऱ्हाईक म्हणून बघतो : माझं पुस्तक घेतलंत का? ग्रंथपाल बघतो तो मागणी काय आहे ते. ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकथा पाठोपाठ बाहेर जातात, कवितासंग्रह दाखल होतो आणि बसून राहतो. गेल्या पंधराएक वर्षांत तर अनेक वाचनालयांतला सर्वांत गजबजलेला भाग म्हणजे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. तिथली मुलं डबा घेऊन सकाळी येतात, रात्री जातात आणि वाचनालयाचं पुस्तक क्वचितच मागतात. कवीला ग्रंथपालाने हे तोंडावर कसं सांगायचं, हा या मुलाखतींतला न विचारलेला प्रश्न.

ग्रंथपाल खुर्चीवर आला तो खरं तर करोनानंतर. मार्च २०२० मध्ये वाचनालयं बंद झाली, ती उघडायला राज्यात १५ ऑक्टोबर उजाडला. योगायोगाने तोच वाचन प्रेरणा दिन. मधल्या सात महिन्यांत गप्पा मोबाइलवर झाल्या. ऑनलाइन कार्यक्रमात सभागृह नाही, अध्यक्ष नाहीत, मागचं दार नाही. दुवा पाठवणारा, पाहुण्याला जोडून घेणारा, आवाज येतोय का विचारणारा ग्रंथपाल आपोआप पडद्यावर आला आणि लोकांनी त्यालाच प्रश्न विचारले. पुस्तकं कधी मिळणार, घरी आणून देता का, दंड माफ आहे का. सभागृहं उघडल्यावर काही ठिकाणी ही पद्धत टिकली. काही ठिकाणी अध्यक्ष परत आले.

टिकली आहे ती मुख्यतः शहरात. तालुक्याच्या, गावच्या वाचनालयात पाहुण्याचं मानधन, प्रवासखर्च, हार, चहा हे सगळं अनुदानाच्या वेतनेतर निम्म्यातून काढावं लागतं, आणि त्याच निम्म्यातून वीजबिल आणि पेपरवाल्याचं बिल जातं. म्हणून तिथे पुण्या-मुंबईचं मोठं नाव येत नाही. पाहुणा बहुधा जिल्ह्यातलाच, मंगळवेढ्याचा नाहीतर बार्शीचा, स्वतःच्या मोटारसायकलवर येणारा. शाल-श्रीफळ घेतो आणि येताना स्वतःच्या पुस्तकाच्या दोन प्रती आणतो. त्या प्रती दाखल नोंदवहीत ‘देणगी’ म्हणून चढतात आणि ग्रंथसंख्या दोनने वाढते.